पडद्यावर आलेली आमची होडी

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी रत्नागिरीतल्या एका छोट्या दैनिकात कामाला लागले. काय काम करतेस, असं कुणी विचारलं की मी "टायपिंग" म्हणून विषय बदलत असे. खरं तर टायपिंग थोडंच असायचं. एका वृत्तसंस्थेने आमच्या कचेरीतला टेलिप्रिंटर उचलून त्या जागी टर्मिनल बसवलं होतं. एक पडदा, एक कीबोर्ड आणि भिंतीतून आलेली तार. दिवसभर जगाच्या बातम्या त्या तारेतून येत आणि काळ्या पडद्यावर हिरव्या इंग्रजी अक्षरांत एकाखाली एक मथळे लागत. माउस नावाचा प्रकार आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. सगळा कारभार बोटांचा. एन दाबलं की खालचा मथळा, पी दाबलं की वरचा, एंटर मारलं की अख्खी बातमी उघडायची, क्यू दाबलं की परत यादीवर. नवी बातमी आली की मशीन बारीकसं टुक् करायचं आणि ती यादीत सगळ्यात वर येऊन बसायची.

कचेरीतल्या पुरुषांना ते जमेना. टेलिप्रिंटरच्या खडखडाटात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. कागद हातात आल्याशिवाय बातमी आली असं त्यांना वाटायचंच नाही. आमचे उपसंपादक पूर्वी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते एका बोटाने बटण शोधता शोधता कुठली बातमी उघडायची होती तेच विसरत. शेवटी मालकांनी, म्हणजे आमच्या संपादकांनी, टायपिंगच्या क्लासात निरोप पाठवला की एखादी हाताने चलाख मुलगी असेल तर द्या. क्लासातल्या बाईंनी मला पाठवलं. मी मूळची हर्णेची, मासेमारी करणाऱ्या घरातली. रत्नागिरीत मांडवीला आत्याकडे राहून टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या.

त्या मशीनसमोर बसले आणि पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की इंग्रजी माझ्या बोटांत आहे, डोक्यात नाही. क्लासात आम्ही पानंच्या पानं टाइप करायचो, एक चूक न करता. त्यातला अर्थ कुणी विचारत नसे. इथे मात्र मी मथळा मोठ्याने वाचायचा, मग मास्तर म्हणणार "पुढे" किंवा "उघड", आणि उघडलेली बातमी ते चष्मा कपाळावर चढवून वाचत, मराठीत लिहीत. म्हणजे माझं वाचणं सगळ्या खोलीला ऐकू जायचं.

पहिल्याच आठवड्यात एका लष्करी अधिकाऱ्याची बातमी आली. मी खणखणीत आवाजात वाचलं, "कोलोनेल..."

मास्तरांचं पेन थांबलं. पलीकडे छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांच्या खोलीतून कुणीतरी फिसकन हसलं. मालक खोलीतच होते. ते म्हणाले, "कोण आले?"

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी अजून मोठ्याने म्हटलं, "कोलोनेल."

मग मात्र सगळी कचेरी हसली. मास्तर हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "कर्नल, बाळ. लिहितात तसं बोलत नाहीत ते." पण तोवर व्हायचं ते झालं होतं. पुढे कित्येक दिवस मी जिना चढून आले की आतून आवाज यायचा, "कोलोनेल आले रे." त्यात वाईट हेतू नव्हता, हे आज कळतं. तेव्हा मी खुर्चीत बसून उगाचच एन, पी, एन, पी दाबत राहायची आणि कान तापलेले असायचे.

आणि घरी हर्णेला याच्या नेमकं उलटं. सुट्टीला गेले की बाबा मला मुद्दाम बंदरावर घेऊन जात. संध्याकाळच्या लिलावाची वेळ, होड्या लागलेल्या, वाळूत माशांचे ढीग, भोवती बोली लावणाऱ्या बायका आणि व्यापारी. त्या गर्दीत बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "ही आमची बाय. साऱ्या जगाची बातमी हिच्या बोटाखाली येते. पेपरात उद्या येनार ते हिला आज म्हाईत असतं."

एकदा एका व्यापाऱ्याने मला विचारलं, "मग सांग गो, पापलेटचा भाव मुंबईत चढनार काय?"

मी म्हटलं, "तसलं नाही येत त्यात."

बाबा लगेच म्हणाले, "सरकारी असतं ते. असं कुनालाबी सांगता येत नाय तिला."

लोकांनी समजून माना हलवल्या. मी खाली वाळूकडे बघत उभी. त्यांना कसं सांगणार होते, की बाबा, मला त्यातलं निम्मं कळत नाही, मी नुसतं बटण दाबते. त्यांचा चेहरा असा उजळलेला असायचा की माझी जीभच उचलायची नाही. आईलाही नाही सांगितलं. मी फक्त हर्णेला जाणं कमी केलं.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. अचानक वारा फिरला, दोन रात्री समुद्र खवळला आणि हर्णेची एक होडी परत आली नाही. त्या होडीवर माझा चुलतभाऊ होता. माझे थोरले काका फार पूर्वी गेले होते. काकीने दोन मुलांना मासे विकून वाढवलं. थोरला मुंबईत नोकरीला, आणि हा धाकटा, माझ्याच वयाचा, त्या होडीवर खलाशी म्हणून जायचा.

हे मला कळलं ते असं. दुपारी मी मशीनवर होते. दारात बाबा उभे, डोक्यावरची टोपी हातात, आणि त्यांच्यामागे काकी. दोघंही सकाळच्या एसटीने निघून आलेले. बाबा कचेरीत पहिल्यांदाच येत होते. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "बाय, होडी आली नाय. तुझ्या मशीनला इचार."

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर उठले, बाबांना खुर्ची दिली, काकीलाही दिली. काकी खुर्चीवर बसेना. माझ्या पायांशी, जमिनीवर, पडदा दिसेल अशी बसली आणि पदर तोंडाशी धरून वर बघत राहिली.

मास्तरांनी बंदर खात्याला फोन लावला. मालक आले, त्यांनी होडीचं सगळं विचारून घेतलं, किती जण, कधी निघाले, कुठल्या दिशेला. बाबा नीट उत्तरं देत होते. मी पडद्याकडे तोंड करून बसले होते. यादीत वर कुठल्या तरी परदेशी मंत्र्याची भेट होती, खाली साखरेचे भाव, त्याखाली क्रिकेटचा सामना. त्या तारेतून कोकणातल्या एका होडीबद्दल काही येण्याची शक्यता नव्हती. आमच्या जिल्ह्याचं नाव त्या यादीत मी क्वचितच पाहिलं होतं. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, ते दोघं सोडून.

टुक् झालं.

काकी म्हणाली, "काय आलं?"

मी वाचलं. "दिल्लीचं आहे, काकी."

पुन्हा टुक्.

"आता?"

"क्रिकेट."

ती म्हणाली, "वाईट असलं तरी सांग गो. लपवू नको. मी घट्ट हाय."

"लपवत नाही, काकी. खरंच नाही आलेलं."

"मग ते बटन दाब ना. खाली हाय काय बग."

मी एन दाबत गेले. मथळे एकेक करून सरकत होते आणि प्रत्येकाला ती विचारत होती, "ह्यो?" मी नाही म्हणायची. तिला वाटत होतं माझा भाऊ त्या पेटीत कुठेतरी खाली दडलेला आहे आणि मी मनापासून शोधत नाहीये. मागून खिळ्यांच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली होती. त्या दिवशी कुणी हसलं नाही. कोलोनेल म्हणून हसले असते तर परवडलं असतं. सगळे माझ्या पाठीकडे बघत होते आणि मी, घरच्यांनी जिच्यावर भरवसा टाकला ती मी, एका बाईला तिचा मुलगा सापडत नसताना सामन्याचा धावफलक वाचून दाखवत होते.

मास्तर एकदा वाकून काकीला म्हणाले, "बाई, या मशीनमध्ये मुंबईहून पाठवतात तेवढंच येतं. समुद्रातलं त्याला कळत नाही." काकीने मान डोलवली, पण नजर पडद्यावरून काढली नाही. बाबा म्हणाले, "येल वयनी, येल. जगाचं येतं तर आपलं का नाय येनार?"

ते दिवे लागायच्या सुमारास आलं. मशीन टुक् वाजलं आणि यादीत सगळ्यात वर ओळ उमटली. तिच्यात 'कोकण' हा शब्द होता. माझं बोट एंटरवर थांबलं. मला वाचायला जास्त वेळ लागतो हे मला माहीत होतं, पण ही ओळ एका क्षणात कळली. कोकण किनाऱ्यावर होडी बेपत्ता, सगळे खलाशी फिअर्ड ड्राउन्ड.

काकी पडद्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. "आलं," ती म्हणाली.

मी मागे वळून मालकांना हाक मारली. मालक आले, त्यांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. दुपारी बाबांकडून जे विचारून घेतलं ते त्यांनीच ट्रंक कॉल करून मुंबईला, वृत्तसंस्थेला कळवलं होतं. कुणीतरी शोध घेईल, सरकार हलेल, असा त्यांचा चांगलाच हेतू. म्हणजे आम्हीच दिलेली माहिती मुंबईला जाऊन, तिथे दोन शब्द चिकटवून, आमच्याकडे परत आली होती. समुद्रावरून कुणीही काहीही कळवलेलं नव्हतं.

बाबा उठून माझ्या खुर्चीमागे आले. "काय लिवलंय?"

मी म्हटलं, "होडी बेपत्ता. आणि... बुडाल्याची भीती."

"भीती म्हंजे? बुडाली की नाय बुडाली?"

"भीती म्हणजे भीती, बाबा. त्यांनाही माहीत नाही. आपणच सांगितलेलं आहे हे, मालकांनी फोनवर सांगितलं ते."

"आपन बुडाली असं कुठं सांगितलं?"

बाबा पडद्याजवळ वाकले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी ती हिरवी ओळ ते या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यांना त्या क्षणी कळलं की मला काहीच माहीत नसतं. बंदरावर साऱ्या लोकांना सांगितलेलं, भावजयीला धीर देऊन इथवर आणलेलं, ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकदम उतरलं आणि ते टोपी हातात चुरगाळत बाजूला झाले. मला माझी लाज वाटली त्याहून जास्त त्यांची वाटली, म्हणजे त्यांच्यासाठी वाटली. तोवर काकीने जमिनीवर हात आपटून रडायला सुरुवात केली होती. मास्तर तिच्यासमोर खाली बसून पुन्हा पुन्हा सांगत होते, "बाई, नुसती शंका आहे, शंका," पण तिच्या दृष्टीने मशीन बोललं होतं.

ते दोघं आत्याकडे राहिले. सकाळी मी कामाला निघाले तर काकी आधीच दारात चप्पल घालून उभी. बाबाही मुकाट्याने मागून आले, पण या खेपेला ते जिन्याखालीच थांबले. वर चला म्हटलं तर म्हणाले, "मी हितंच बरा."

थोड्या वेळाने फोन वाजला. मास्तरांनी उचलला आणि ते ओरडलेच, "कुठे? सगळे? सगळे ना?" हर्णेच्या पोस्टातून फोन होता. होडीचं इंजिन बंद पडलं होतं, वाऱ्याने ती लांब उत्तरेला नेली, आणि एका गुजराती ट्रॉलरने दोर बांधून श्रीवर्धनला ओढत आणली. सगळे जिवंत. तहानेने अर्धमेले, पण जिवंत.

मी काकीला दोन्ही हातांनी धरून सांगितलं. तिने मान वळवून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मशीन काय म्हनतंय?"

मशीन अजून तेच म्हणत होतं. कालची ती ओळ थोडी खाली सरकली होती, पण होती. फिअर्ड ड्राउन्ड.

"ते चुकीचं आहे काकी. जुनं आहे."

"मग नवं का नाय लिवलं?"

मालकांनी तिच्यादेखत मुंबईला फोन लावला, सगळे सुखरूप असल्याचं कळवलं. तिकडून बरं म्हणाले. काकी बसून राहिली. मी दर टुक्‌ला वाचत गेले. ती बातमी आली नाही. दुपारपर्यंत आली नाही. मास्तर मला हळूच इंग्रजीत म्हणाले की सुखरूप परत आलेल्याची कुणाला पडलेली नसते, आणि मी ते मराठीत सांगितलं नाही. शेवटी बाबा वर आले, दारातूनच म्हणाले, "वयनी, चला. पोरगा घरी येनार, घर बंद हाय." तेव्हा ती उठली.

मुंबईतल्या थोरल्या चुलतभावाने त्या दिवशी सकाळी तिथल्या पेपरात ती ओळ वाचली होती. तो मिळेल त्या गाडीने निघाला, वाटभर रडत आला, आणि घरात शिरला तर धाकटा ओट्यावर बसून आमटी-भात जेवत होता. थोरल्याने आधी त्याच्या मुस्काटात मारली आणि मग त्याला मिठी मारून तिथेच बसला, असं आई सांगायची. गावात सगळे त्यावर हसले. हसायला सगळे घरी होते म्हणून.

मी मनात म्हणत होते की संपलं. पण दिवाळी झाल्यावर एका दुपारी काकी पुन्हा कचेरीत आली. नवं लुगडं, हातात पिशवी. आल्या आल्या तिने पिशवीतून नारळ काढला, हळदकुंकवाची पुडी काढली, आणि मी उठून तिला थांबवायच्या आत मशीनपुढे नारळ ठेवून पडद्याच्या काचेवर हळदकुंकू लावलं. हात जोडले. डोळे मिटले.

"काकी, अगं हे काय," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"तू गप. ह्यानं साऱ्या मुलखाला सांगितलं म्हनून त्या गुजरात्यानं माजा पोरगा बगितला."

ट्रॉलरवाल्यांना होडी दिसली ती ही बातमी येण्याच्या कितीतरी आधी. मला ते माहीत होतं, तिला सांगायचं कसं ते माहीत नव्हतं. खिळ्यांच्या खोलीतली माणसं पुन्हा दारात जमली. मालक बाहेर आले. काकीने मग पिशवीतून सोड्याचा एक पुडा काढला, वाळवलेल्या सोललेल्या कोळंबीचा, हर्णेचा, तिच्या हातचा. वास सगळ्या कचेरीभर पसरला. जो वास मी रोज साबणाने घासून अंगावरून काढत होते तो वास टेबलावर, सगळ्यांसमोर. माझी मान वर होईना. मला काकीची लाज वाटत होती, आणि तिची लाज वाटते म्हणून माझी वाटत होती, आणि ती माझ्या पाठीवर हात फिरवत लोकांना सांगत होती, "हिनंच शोधला. दिवसभर बटनं दाबत बसली माजी बाय."

मास्तर उठून उभे राहिले. त्यांनी हात धुतले, पुढे येऊन पडद्यासमोरचा नारळ उचलला, कपाळाला लावला आणि काकीला म्हणाले, "प्रसाद सगळ्यांना द्या, बाई." मग एकेकाने येऊन नमस्कार केला. एकाने काचेवर लागलेलं कुंकू बोटाने टिपून आपल्या कपाळाला लावलं. कुणी चेष्टा करत नव्हतं. त्याच माणसांनी मला कोलोनेल म्हटलं होतं. मी मात्र सगळ्यात शेवटी, तेही काकीने हात धरून पुढे ओढल्यावर, हात जोडले.

स्टँडवर तिला गाडीत बसवायला गेले. गाडी लागायला वेळ होता. ती म्हणाली, "तुझा बाबा आता बंदरावर थांबत नाय गो. मासळी टाकतो नि सरळ घरी. कुनाशी बोलत नाय. त्याला लागलंय. तू ये एकदा."

पुढच्या रविवारी मी गेले. बाबा परसात माडाखाली बसून जाळं विणत होते. मी शेजारी बसले. कोलोनेलची गोष्ट सांगितली. मला इंग्रजी किती कळतं ते सांगितलं, आणि मास्तरांनी आता रोज एक बातमी माझ्याकडून मराठीत करून घ्यायचं ठरवलंय, तेही. ते जाळ्याकडे बघत ऐकत होते. कोलोनेलवर ते हसतील असं वाटलं होतं. नाही हसले. म्हणाले, "असं हसायला नको होतं त्यांनी."

बराच वेळ सुई जाळ्यातून आत-बाहेर होत राहिली. मग त्यांनी विचारलं, "ती ओळ अजून हाय काय मशीनमधी?"

"कुठली?"

"आपल्या होडीची. बुडाली ती."

"नाही बाबा. नवीन बातम्या आल्या की जुन्या खाली जातात, आणि मग पुसल्या जातात आपोआप."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि दोऱ्याचं टोक माझ्या हातात धरायला दिलं.